विशाखाताईंची विहीर

विशाखाताई, तुम्ही मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गेलात. त्याआधी तीन दिवस तुम्हाला शुद्ध नव्हती. आज सोमवार आहे, तेरा दिवस झाले. वय, शिक्षण, कवितासंग्रह, मागे कोण, हे सगळं बुधवारी आमच्या शहर पानावर आलं. ती बातमी मीच लिहिली. तिच्यात चूक नाही. ती इथे पुन्हा सांगत नाही.

तुमची मुलगी प्रज्ञा हिचा फोन आला तेव्हा मी कार्यालयाच्या जिन्यात होतो. ती म्हणाली, "काका, आई गेली." मी विचारलं, "किती वाजता?" तीस वर्षं हेच विचारत आलो आहे, तोंडातून तेच आलं. ती म्हणाली, "दहा चाळीस." मग जरा थांबून म्हणाली, "आई म्हणायची, सरांना काहीही सांगा, ते आधी वेळ विचारतील." त्यानंतर लगेच दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

गेले सात महिने आपण बोललो नव्हतो. कारण तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्याला सांगायला हवं. तुम्ही हयात असताना आमच्या वर्तमानपत्रात तुमच्याविषयी छापलेलं शेवटचं वाक्य तुम्हाला खोटं ठरवणारं होतं. ते मी लिहिलं होतं. त्यातला शब्दन् शब्द कागदपत्रांवरून तपासलेला होता, आणि ते वाक्य चूक होतं. ते मागे घेता येतं का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो गुरुवार होता. चाकणच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे पुढेही आपल्या सगळ्या भेटी गुरुवारीच झाल्या, आकुर्डी स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात. त्या दिवशी मात्र तुम्ही सरळ कार्यालयात आलात आणि टेबलावर कवितांची वही ठेवलीत. मी पाच-सहा पानं वाचली आणि म्हणालो, नुसत्या कविता रविवारच्या पुरवणीत कोणी वाचत नाही. प्रत्येक कवितेमागे जे घडलं ते तुम्ही सांगा, मी लिहून घेतो, कविता आणि गोष्ट शेजारी शेजारी छापू.

तुम्ही म्हणालात, "म्हणजे पोळी वाढायची आणि शेजारी जातंही ठेवायचं?"

"लोकांना जातं बघायला आवडतं."

"दळताना कोणी बघायला येत नाही, सर. पण ठेवू. ठेवू या."

चारचाकी गाड्यांच्या आत वायरींच्या जाड जुड्या असतात. त्या बांधणाऱ्या कंपनीत तुम्ही एकोणीस वर्षं होतात. चहाच्या दुकानातल्या पहिल्या भेटीत मी तुमचं काम विचारलं. तुम्ही म्हणालात, रिलीव्हर. मला कळलं नाही, म्हणून तुम्ही चहाच्या टेबलावर बिस्किटं ओळीने मांडलीत. ही लाईन. प्रत्येक बिस्किटाशी एक बाई उभी. लाईन थांबत नाही. कुणाला पाणी प्यायला, बाथरूमला जायचं असलं की ती हात वर करते. मग रिलीव्हर येऊन तिच्या जागी उभी राहते, ती परत येईपर्यंत तिचं काम करते. म्हणून रिलीव्हरला सगळ्या जागांची कामं यावी लागतात. तुम्हाला बावीसच्या बावीस येत होती.

"आणि बोलायला वेळ?" मी विचारलं.

"ती जाताना अर्धा मिनिट आम्ही दोघी एकाच जागी असतो. ती हातातलं माझ्या हातात देते. परत येते तेव्हा अर्धा मिनिट. तेवढ्यात बोलायचं. काही काही बायकांचं अख्खं बाळंतपण मी अर्ध्या-अर्ध्या मिनिटात ऐकलंय. पुढचा भाग दुपारी."

मी हे वहीत लिहून घेतलं. पहिल्या रविवारी छापलंही, बिस्किटांसकट. तरीही मला ते कळलेलं नव्हतं. हे पुढे लक्षात आलं.

अकरा रविवार ते सदर सुरळीत चाललं. 'टक' ही कविता पहिल्या रविवारची. वायरचं टोक खोबणीत ढकललं की टक असा आवाज येतो, मग हलकं मागे ओढून बघायचं, निघालं नाही म्हणजे बसलं. तुम्ही सांगितलंत की लग्नासाठी पाहायला आलेल्या चार मुलांच्या वेळी तुम्ही मनात त्या आवाजाची वाट पाहत होतात. "चौथ्याला आला?" मी विचारलं. "नाही. पण ओढून बघितलं, निघाला नाही," तुम्ही म्हणालात. हे मी छापलं नाही. प्रज्ञाच्या वडिलांना तुम्हीच नंतर सांगितलंत आणि ते महिनाभर मला फोनवर "बोला, टक" म्हणत होते.

'खांदा' ही बसवरची कविता. रहाटणीहून पहाटे कंपनीची बस निघायची. एक बाई तुमच्या डब्यातलं कधीही काही घ्यायची नाही; त्याचं कारण तिने न सांगताही तुम्हाला कळत होतं. तीच बाई नाशिक फाट्याच्या पुढे गेलं की तुमच्या खांद्यावर डोकं टाकून चाकणपर्यंत झोपायची. तुम्ही तिला कधी उठवलं नाही. मी विचारलं, राग यायचा नाही? तुम्ही म्हणालात, "यायचा ना. म्हणून तर लिहिली. पण डोकं जड असतं हो माणसाचं. ते खांद्यावर असलं की राग नीट धरता येत नाही."

आपलं भांडण व्हायचं ते तपशिलांवरून. तुमच्या हस्तलिखितावर मी पेन्सिलीने प्रश्न लिहायचो. कोणती बस? कोणता महिना? हे कोण म्हणालं? तुम्ही त्याच पेन्सिलीने खाली उत्तर द्यायचात. 'कुठलीही.' 'सगळे.' 'मीच म्हणाले असेन.' एकदा नुसतं 'हो' लिहिलंत, आणि माझा प्रश्न हो-नाही उत्तराचा नव्हताच. मी सांगायचो की एखादी गोष्ट दोन ठिकाणांहून कळल्याशिवाय मी छापत नाही. तुम्ही चहावाल्याला हाक मारायचात, "भाऊ, इकडे या, मी आत्ता चहा प्यायले याला तुम्ही साक्षीदार." तो बिचारा खरंच यायचा.

त्या वहीतल्या नऊ कवितांखाली माझे प्रश्न अजून तसेच आहेत. उत्तरं लिहायची राहिली. गेल्या आठवड्यात मी वही उघडली आणि प्रश्न खोडरबराने पुसायला घेतले, मग थांबलो. प्रश्नांच्या बाजूला तुमच्या अक्षराला पुरेल एवढी जागा मी नेहमी सोडत असे. ती जागा पुसता येत नाही.

बाराव्या रविवारची कविता होती 'पायाखाली'. तिच्यातल्या या पाच ओळी:

माझ्या पायाखाली सिमेंट,
सिमेंटखाली मुरूम,
मुरुमाखाली आमची विहीर.
पाणी अजून वर यायला बघतं
माझ्या टाचांतून.

हिच्यामागची गोष्ट तुम्ही 'मी' म्हणून सांगितलीत. कंपनी उभी आहे तिथे आमचं रान होतं, विहीर होती. जमीन कंपनीकडे गेली, विहीर मुरूम टाकून बुजवली. आता रोज आठ तास मी तिच्यावर उभी असते आणि घरात विहिरीचं नाव काढलेलं चालत नाही. एवढंच. मी वहीत लिहून घेतलं. या एका वेळी मी पेन्सिलीने काहीही विचारलं नाही. अकरा रविवार झाले होते, विश्वास बसला होता. आमच्या कामात ही चूक धरली जाते.

कविता छापून आली त्याच्या पुढच्या शनिवारी पिंपळे सौदागरच्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये तुमचं वाचन होतं. साठेक लोक होते. तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, कविता वाचलीत. टाळ्या झाल्या. मग मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. मूळचे चाकणकडचे, पांढरी टोपी, आवाज खणखणीत.

"ताई, कविता चांगली हाय. पण त्या कंपनीखालचं रान कुणाचं व्हतं ते आमाला पाठ हाय. तुमची कुठली विहीर आली तिथं?"

काही लोक हसले. कोण हसलं आणि कशाला, हे मी त्या वेळी पाहिलं नाही. तुम्ही पाहिलं असणार. तुम्ही माइक तोंडाशी नेऊन म्हणालात, "आमचीच." आणि खाली बसलात.

परतीच्या रिक्षात मी एकच विचार करत होतो, की हे मी न तपासता छापलं. सोमवारी मी सातबारा काढला. मंगळवारी तलाठ्याकडे जाऊन जुने फेरफार पाहिले. त्या गटात तुमच्या माहेरचं किंवा सासरचं नाव कुठेही नव्हतं. तुमचे वडील मराठवाड्यातून आकुर्डीला कारखान्यात कामाला आले होते, हे तर मला माहीत होतं. 'माझ्या बापाची जमीन म्हणजे तुळशीएवढी कुंडी, तीही चाळमालकाची', हे तुम्हीच सांगितलं होतं आणि ते मी छापलंही होतं.

मी फोन केला.

"विशाखाताई, तिथे तुमची जमीन नव्हती."

"नव्हती."

"मग आमची विहीर कशी?"

"सर, मी लाईनवर काय काम करते?"

"रिलीव्हर."

"मग?"

"मग काय?"

तुम्ही थोडा वेळ थांबलात. तो वेळ मी मोजला नाही, पण तो माझ्यासाठी दिलेला होता. मग म्हणालात, "काही नाही. तुमचं काम करा तुम्ही."

मी माझं काम केलं. रविवारी पुरवणीच्या शेवटच्या पानावर खाली चौकट आली. 'दोन आठवड्यांपूर्वीच्या अंकातील "पायाखाली" या कवितेसोबतच्या मजकुरात कवयित्रीच्या कुटुंबाची विहीर असल्याचा उल्लेख आहे. महसूल नोंदींनुसार त्या ठिकाणी त्यांच्या कुटुंबाची जमीन अथवा विहीर नव्हती. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' दुपारी तुमचा संदेश आला. 'वाचलं.' मी तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तिन्ही वेळा पुसलं. सदर तिथेच थांबलं.

त्या मागच्या रांगेतल्या गृहस्थांना वर्तमानपत्राची साथ मिळाली, हे माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. प्रज्ञाने नंतर सांगितलं की तुमच्या गल्लीत कुणीतरी ते कात्रण भिंतीला चिकटवलं होतं. तुम्ही ते काढलं नाहीत. पावसाने गेलं.

जयंतीला मी तुम्हाला जयभीम पाठवला. तुमचं उत्तर अर्ध्या तासात आलं. 'जयभीम सर. गुरुवारी असते मी घरी.' त्या गुरुवारी मला ड्यूटी होती. पुढच्या गुरुवारीही मी आलो नाही, आणि तेव्हा ड्यूटी नव्हती. मला वाटत होतं की तुम्ही खुलासा कराल आणि तो तपासावा लागेल. खुलासा तुम्ही आधीच केला होता, एका शब्दात, आणि तो शब्द माझ्याच तोंडून वदवून घेतला होता.

तुमचं पुण्यानुमोदन पहिल्या रविवारी रहाटणीत झालं. गल्लीत मांडव होता. वंदना झाली, मग माणसं बोलायला उठली. कवी बोलले, वस्तीतले कार्यकर्ते बोलले. साडेतीनच्या सुमारास पहिली शिफ्ट सुटून कंपनीची बस आली आणि लाईनवरच्या बायका निळ्या कोटातच मांडवात शिरल्या. त्यांतली एक, पंचेचाळिशीची, कपाळावर मोठं कुंकू, चपला हातात घेऊन थेट माइकपाशी गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"जयभीम म्हणत्यात ना इथं? जयभीम." मांडवातून उत्तर आलं. "माझं नाव सविता. मला बोलाया येत न्हाई. लाईनवर बोलू देत न्हाईत, तवा सवय न्हाई." बायका हसल्या. "पेपरात आलं व्हतं, की इशाखाताईची तिथं विहीर न्हवती. ते खरं हाय. तिची न्हवती. माझ्या सासऱ्याची व्हती. मी तिला सांगितलं, पर म्हनले माझं नाव कुटं घेऊ नको, घरात कळलं तर मला लाईनवर येऊ द्यायचे न्हाईत. तवा ती मी म्हनली. रिलीव्हर व्हती ना ती. माझ्या जागंवर उभी ऱ्हायली. एवढंच हाय."

ती माइकपासून बाजूला झाली, परत आली आणि म्हणाली, "आन् सात म्हयने उभीच ऱ्हायली. जागंवर परत यायचं माझं राहून गेलं."

मी मांडवाच्या कडेला उभा होतो. वहीत हे सगळं लिहून घेतलं आहे. शेवटच्या वाक्याचं अक्षर मला आता नीट लागत नाही, पण ते माझ्या लक्षात आहे.

गुरुवारी सविता आकुर्डीला आली. आपल्याच दुकानात बसलो. चहावाला विचारत होता, ताई कुठे आहेत, बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत. सविताने त्याला सांगितलं. तो गेला आणि दुकानाचा रेडिओ बंद करून आला.

सविताचं सासर चाकणजवळच्या एका गावात आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा विहीर होती. दोन वर्षं तिने तिचं पाणी भरलं. जमीन द्यायचं ठरलं तेव्हा घरातल्या बायकांना कुणी विचारलं नाही. पुढे ती त्याच कंपनीत लागली. गावात सासऱ्यांनी सांगून ठेवलं की सून ऑफिसात कॉम्प्युटरवर आहे. आपल्याच रानात चाकरी, हे त्यांना सोसत नव्हतं. ती विहीर त्यांनी स्वतः भावांबरोबर खणली होती. बुजवली त्या दिवसापासून त्यांनी तिचं नाव घेतलं नाही आणि कुणाला घेऊ दिलं नाही.

"तुम्ही हे विशाखाताईंना कधी सांगितलंत?"

"एका दिवसात व्हय? चार-पाच म्हयने लागलं. पाण्याला जाताना थोडं, येताना थोडं."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"पयलं तिनं एकच इचारलं. तुमच्या विहिरीवर आमच्या मानसांना पानी भरू द्यायचे का गं?" सविताने कप खाली ठेवला. "मला ठाव न्हवतं. मी घरी जाऊन सासूला इचारलं. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, न्हाई म्हनून. लांब बसायचे, वरनं वतायचे. खोटं कशाला सांगू तिला."

"मग?"

"मग ती आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई. जागंवर यायची, काम घ्यायची, द्यायची. तोंड न्हाई उघडायची. मला लई वंगाळ वाटलं. मग मीच म्हनले, इशाखाताई, आता त्या विहिरीचं पानी मलाबी न्हाई आन् तुलाबी न्हाई. आता सारखंच झालं की. लिव्हायचं तर आमची म्हणून लिव्ह. तर ती हसली आन् तिच्या हातातली वायर पडली. सुपरवायझर वराडला."

क्लबहाऊसमध्ये तुम्ही माइकवर "आमचीच" म्हणालात ते आठवत होतो. सगळ्या शब्दांत तो एकच शब्द तुम्हाला कुणीतरी दिलेला होता. दिलेला, म्हणून तुमचा होता. तो मी सातबाऱ्यावर शोधला.

मी सविताला तसं सांगितलं, की मी नोंदी तपासल्या होत्या. ती म्हणाली, "सातबाऱ्यावर माझंबी नाव न्हाई, सर. कदीच न्हवतं. मग मीबी खोटी का?"

"नाही."

"लई उशीर केला तुमी."

"हो."

"ती म्हनायची, सर येत्याल. दोन ठिकानी इचारून येत्याल, पर येत्याल."

विशाखाताई, हे वाक्य मी एकाच व्यक्तीकडून ऐकलं आहे. दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही, विचारणार नाही.

मी पिशवीतून गावचा जुना नकाशा काढला. तो मी बुधवारी मिळवला होता. नकाशाप्रमाणे विहीर लाईनच्या खाली येत नाही. ती कंपनीच्या बस लागतात त्या फरशीखाली येते, लाईनपासून बरीच पूर्वेला. सविताने नकाशाकडे पाहिलंही नाही. "ठाव हाय मला. रोज तिथंच उतरते की मी. इशाखाताईलाबी दावलं व्हतं. ती म्हनली, बसमधनं उतरायला तर एकच पाय लागतो, उभं आठ तास लाईनवर ऱ्हातो, तिथंच असू दे विहीर." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "का? तेबी छापायचंय का दुरुस्त करून?"

मी नकाशा घडी करून ठेवला.

दुरुस्तीचा मसुदा आम्ही तिथेच केला. मी लिहिलं, 'ती विहीर सविता यांच्या सासरची होती.' सविताला वाचून दाखवलं. नाव घालू का, विचारलं. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची मुलं उठून गेली, दुसरी आली.

"नाव घाला. आडनाव नको. आडनाव सासऱ्यांचं हाय, त्यांना मी इचारलं न्हाई."

"घरी कळेल."

"कळंल. आन् ते 'सासरची' काढा. आमची घाला."

"आमची म्हणजे कुणाची, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. आमच्याकडे असं चालत नाही. सर्वनाम कुणासाठी आलं ते आधी सांगावं लागतं."

"मला त्यातलं कळत न्हाई. ज्याला कळायचं त्याला कळंल. आमची घाला."

पेन्सिल तिने माझ्या हातातून घेतली आणि 'सासरची' या शब्दावर स्वतः रेघ मारली. मी वाक्य बदललं. तुम्ही असतात तर आपण या एका शब्दावरून दोन गुरुवार भांडलो असतो, आणि तुम्ही जिंकला असतात, आणि मी शेवटी मुद्रितशोधकाचं नाव पुढे करून माघार घेतली असती. तसं भांडण आता करता येत नाही. या तेरा दिवसांत मला सगळ्यात जास्त आठवलं ते तेच. तुमच्या कविता माझ्यापाशी आहेत, छापलेल्या आहेत, त्या कुठे जात नाहीत. पण "मग?" असं विचारून गप्प बसणारं आणि मला कळेपर्यंत वाट बघणारं माणूस आता फोनच्या पलीकडे नाही. तुम्ही बावीस जणींच्या जागी उभ्या राहिलात. तुमच्या जागी उभं राहायला मला कुणी सापडलेलं नाही, आणि मला ते काम येत नाही.

काल रविवारी पुरवणीच्या पहिल्या पानावर, वरच्या अर्ध्या भागात हा मजकूर आला:

'सात महिन्यांपूर्वी या पुरवणीत प्रसिद्ध केलेली दुरुस्ती आम्ही मागे घेत आहोत. "पायाखाली" या कवितेतील विहीर खरी आहे. चाकणजवळच्या कंपनीत लाईनवर काम करणाऱ्या सविता यांनी ती सांगितली आणि दिवंगत कवयित्रीने त्यांच्या जागी उभे राहून ती लिहिली. सविता यांनी सांगितले, ती विहीर आमची होती.'

त्याखाली कविता पूर्ण छापली. एकही शब्द बदललेला नाही. प्रज्ञाने सकाळी सात वाजता अंक घेतला.

दुपारी दीड वाजता सविताचा फोन आला. तिने सुट्टी टाकली होती आणि अंक घरी नेला होता. सासरे ओट्यावर बसले होते. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. तिने त्यांना तो मजकूर वाचून दाखवला, मग कविता वाचली.

ते काय म्हणाले, असं मी विचारलं.

ती म्हणाली, "म्हनले, परत वाच."

तिने परत वाचलं.